इष्टलिंगाची शपथ

अव्वा गेल्यानंतर बाविसाव्या दिवशी मी वर्गात अधिवृक्क ग्रंथी शिकवली.

लातुरात नीटच्या क्लासचं वेळापत्रक कुणाच्या मरणानं हलत नाही, आणि हलू नये असंच मलाही वाटतं. बीड, परभणी, हिंगोलीहून आलेली मुलं एकेका खोलीत चौघं राहतात, मेसचा डबा खातात, त्यांचे दिवस मोजलेले असतात. गेली चौदा वर्षं मी त्यांना माणसाचं शरीर शिकवते: पचन, उत्सर्जन, ग्रंथी. त्या दिवशी फळ्यावर मूत्रपिंड काढलं, त्याच्या डोक्यावर टोपीसारखी ग्रंथी बसवली, शेजारी वजन लिहिलं, चार-पाच ग्रॅम. मग मेंदूपासून खाली बाण काढले. हायपोथॅलॅमस पिट्युटरीला सांगतो, पिट्युटरी अधिवृक्काला सांगते, अधिवृक्क कॉर्टिसॉल तयार करते. ते रक्तात पुरेसं झालं की तेच वर जाऊन सांगतं, आता थांबा. हा वर जाणारा बाण मी लाल खडूनं काढते. प्रश्न त्याच्यावर येतो.

दरवर्षी इथं मी एक गंमत सांगायचे. 'गावाकडं गुडघेदुखीवर पांढरी पुडी मिळते. तीन दिवसांत म्हातारी पळायला लागते, तीन वर्षांत गोल होते. काय असतं त्या पुडीत?' वर्ग ओरडायचा, 'स्टिरॉइड.' 'मग डॉक्टर झालात की म्हातारीला काय विचाराल?' 'आजी, पुडी घेता का?' आणि सगळे हसायचे. या वर्षी मी लाल बाण काढला आणि पुढच्या ग्रंथीकडे गेले.

तास संपला तेव्हा फोनवर धम्मप्रियाचे तीन कॉल येऊन गेलेले दिसले. धम्मप्रिया माझी विद्यार्थिनी. दोन हजार सतराची बॅच. आता नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात डॉक्टर आहे. अव्वाला तिथं नेलं तेव्हा तिला पहिल्यांदा तपासलं ते तिनंच.

मी जिन्यात उभी राहून फोन लावला.

"मॅडम, रविवारी लातूरला येऊ का? दहाच मिनिटं द्या."

"ये की. काय झालं?"

"सोमवारी पीजीच्या जागेची शेवटची फेरी आहे. मेडिसिन मिळतंय मला. पण मी पॅथॉलॉजी टाकतेय."

"मेडिसिन कामून सोडतेस?" बोलताना माझ्या तोंडून माझ्या गावचं, मुखेडचंच निघालं.

ती म्हणाली, "सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीला काही विचारावं लागत नाही, मॅडम. ती सांगायचं विसरत नाही आणि आपण विचारायचं विसरत नाही."

"तू विसरली नव्हतीस."

"रविवारी बोलू," ती म्हणाली.

तिला काय वाटत होतं ते मला कळत होतं. तिला वाटत होतं की मॅडमची आई तिच्या हातून गेली. तसं नव्हतं. कसं होतं ते फक्त मला माहीत होतं, आणि ते मी तिला सांगणार की नाही एवढंच रविवारपर्यंत ठरायचं होतं.

माझी आई मल्लम्मा. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. मुखेडला वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, भुसाराचं दुकान आहे आणि दुकानामागं घर. चार वर्षांपूर्वी अव्वाचे गुडघे इतके धरले की न्हाणीपर्यंत जायला तिला भिंत लागायची. मग हळूहळू ती हिंडायला लागली. दुसऱ्या वर्षी माहूरच्या पायऱ्या चढून आली. मी गावी गेले की वाटायचं, गालावर मांस आलंय, रंग तुकतुकीत झालाय, आईनं म्हातारपण मागं सारलं. स्टाफरूममध्ये मी तिचे फोटो दाखवायचे. मंजुश्री म्हणून आमच्या फिजिक्सच्या मॅडम आहेत, त्या म्हणायच्या, "तुझ्या आईचा चेहरा पुरणपोळीसारखा टम्म फुगलाय गं." मला त्याचं कौतुकच वाटायचं.

गेल्या मे महिन्यात सुट्टीत गेले तेव्हा ती परातीत कणीक तिंबत बसली होती. बाह्या वर सारलेल्या. दोन्ही दंडांवर निळे-काळे डाग होते, आणि कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ दिसत होती. मानेमागं चरबीचा उंचवटा. मी तिला उभं केलं, पोटावरचं लुगडं बाजूला सारलं. जांभळे पट्टे.

हे सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला आनंद झाला. स्टिरॉइडनं फुगलेल्या रोग्याचं जे चित्र चौदा वर्षं दाखवत आले ते माझ्यासमोर उभं होतं, एकही खूण कमी नव्हती. दुःख नंतर झालं.

"अव्वा, कुठली पुडी खातीस?"

"कुठली पुडी? काहीबी इचारून राहिलीस."

"खरं सांग."

तिनं हात धुतले, तांदळाच्या कणगीमागून पत्र्याचा डबा काढला. आत वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या, ओळीनं लावलेल्या. तिला सगळं ओळीनं लावायची सवय.

"बाजारच्या दिशी येतो त्यो माणूस. सारं गाव घेतंय. धोंडाबाई बी घेती."

"किती दिवस?"

"तीन वर्सं झाली असतील. आता मला चालता येऊन राहिलंय तर तुझं कामून पोट दुखतंय?"

"हे विष आहे, अव्वा. मी वर्गात पोरांना हेच शिकवते."

"तू डॉक्टरच्या पोरांना शिकवतीस गं. मला कधी शिकवलंस?"

मी डबा न्हाणीत नेला आणि सगळ्या पुड्या मोरीत सोडल्या. पांढरं पाणी गटाराकडं गेलं. ती दारात उभी राहून बघत होती, मध्ये पडली नाही. पण मी तिला ओळखत होते. मी लातूरला गेले की पुढच्या बाजारी डबा पुन्हा भरला असता.

आम्ही लिंगायत. तिच्या गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग होतं. ते अंघोळीला, झोपेत, बाळंतपणातही उतरलेलं नव्हतं. माझं मी कॉलेजात असताना काढून देवघरात ठेवलं, ते अजून तिथं आहे. या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण तिचा होता, आणि तो मला त्या दिवशी उपयोगी पडला.

"लिंगावर हात ठेव," मी म्हणाले.

"अगं, असल्या गोष्टीला कुणी लिंगावर हात ठिवतं का?"

"ठेव. पुन्हा पुडी खाणार नाही म्हण."

तिनं करंडा उघडला, लिंग तळहातावर घेतलं, दुसरा हात वर ठेवला. "न्हाई खाणार."

"आणि कुणाला सांगणार नाही म्हण. नीटची मॅडम वर्षाराणी, तिचीच आई पुड्या खाते म्हटलं तर लातुरात माझं हसं होईल."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. लहान मूल भलत्याच गोष्टीला भ्यालं की आपण पाहतो तसं.

"एवढं काय भ्यायलीस गं. मी काय चोरी केली?" मग म्हणाली, "बरं. न्हाई सांगणार."

तीन वर्षं त्या पुडीनं तिच्या रक्तात बाहेरून कॉर्टिसॉलसारखाच माल ओतला होता. लाल बाण सतत वर जात होता, थांबा, थांबा. असं फार काळ झालं की ग्रंथी आपलं काम सोडून देते, वाळून जाते. बाहेरचं बंद केलं म्हणून ती दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागत नाही. तिला महिने लागतात. तोवर साधे जुलाब झाले तरी रक्तदाब आणि साखर सावरायला शरीरात काही उरत नाही. म्हणून असलं औषध डॉक्टर एकदम तोडत नाहीत, थोडं थोडं उतरवत नेतात. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. फळ्यावरच्या बाणाचा हात धरून दोन पावलं चाललं की तिथं पोचता येतं. पण चौदा वर्षांत त्याच्यावर प्रश्न आला नव्हता. ज्यावर प्रश्न येत नाही त्यावर विचार करायची माझी सवय गेली होती.

जूनमध्ये ती फोनवर म्हणायची, "भाकर तोंडात फिरती, खाली जाईना." मी म्हणायचे, पित्त असेल, गोळी घे. "उठलं की अंधारी येती." ऊन आहे, ताक पी. "गुडघे लई बेजार करून राहिले बघ." मी म्हणायचे, सवय तुटायला वेळ लागतो, तू शब्द दिलायस.

"हाव," ती म्हणायची. "मी कुठं न्हाई म्हणून राहिले?"

मग तिला जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांचा फोन आला की ती उठत नाही. मी लातूरहून गाडी केली, अहमदपूरमार्गे मुखेड, तिथून दोघांना घेऊन कंधारच्या रस्त्यानं नांदेड. ती मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. सारखी म्हणत होती, "तुझा तास बुडाला असंल."

दवाखान्यात अप्पा केसपेपर काढायला खाली थांबले. मी अव्वाबरोबर वर गेले. तोंडाला मास्क लावलेली एक तरुण डॉक्टर आली, मला पाहून थबकली, आणि सगळ्यांसमोर वाकून माझ्या पायाला हात लावला.

"मॅडम, धम्मप्रिया. पहिल्या बाकावरची. पेन्सिलनं नोट्स काढायचे म्हणून तुम्ही रागवायचा."

मग नर्सकडं वळून म्हणाली, "सिस्टर, या माझ्या मॅडम. मी यांच्यामुळं इथं उभी आहे."

अव्वानं डोळे उघडले. ओठ सुकलेले होते तरी हसली. नर्सला म्हणाली, "लेक हाय माझी."

ईसीजीसाठी नर्स गळ्यातला करंडा काढायला गेली तर अव्वानं तो मुठीत धरला. "राहू द्या, बाजूला सरकवा," धम्मप्रिया म्हणाली. तिनं रक्तदाब घेतला, वरचा आकडा सत्तर. बोटातून रक्त काढून साखर पाहिली, पंचावन्न. एक सलाईन लावली, दुसरीची तयारी करायला सांगितली. हे सगळं भराभर चाललं होतं. मग ती थांबली. अव्वाच्या चेहऱ्याकडं पाहिलं, बाही वर केली, दंडावरच्या जुन्या डागावर बोट फिरवलं.

"आजी, गुडघ्यासाठी काही घेत होता का? पुडी, गोळी, काहीही? आत्ता नाही, आधी कधी?" आणि मला म्हणाली, "तुम्हीच शिकवलंय मॅडम, विचारायचं."

अव्वानं माझ्याकडं पाहिलं. तिचा हात करंड्यावर होता. मला आजही वाटतं की ती वाट पाहत होती. मी नुसती मान हलवली असती तरी शपथेतून सुटली असती.

मी काही बोलले नाही.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "पुडीबिडी काय न्हाई. बीपीची गोळी तेवढी."

धम्मप्रियानं माझ्याकडं पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "बीपीची गोळी. एवढंच."

दुपारचा दीड वाजला होता.

स्वतःशी मी बरंच बोलले. पुडी सोडून सहा आठवडे झालेत, तिचा काय संबंध. जुलाब आहेत, जुलाबाचा इलाज होईल. पण खरं कारण एवढंच की 'या माझ्या मॅडम' हे शब्द पाच मिनिटांपूर्वीचे होते, आणि ते ऐकणारी नर्स अजून तिथंच उभी होती.

अव्वाला आयसीयूत नेलं. मूत्रपिंडं दिवसाला एकशे ऐंशी लिटर गाळतात आणि त्यातलं दीड लिटर बाहेर टाकतात, हे मी मुलांकडून घोकून घेते. संध्याकाळी खाटेच्या दांडीला अडकवलेल्या पिशवीत साठ मिलिलिटर होतं. सकाळी पाहिलं तेव्हाही साठच. त्या पिशवीकडं पाहत मी उभी होते तेव्हा मोठे डॉक्टर राउंडला आले. मी त्यांना सांगितलं, तीन वर्षं पुडी खात होती, दीड महिन्यापूर्वी एकदम बंद केली.

ते जागीच थांबले. नर्सला स्टिरॉइडच्याच इंजेक्शनचं नाव सांगितलं, "आत्ता. लगेच." मग मला विचारलं, "काल का नाही सांगितलं?"

"मला आत्ताच कळलं," मी म्हणाले.

अव्वा दुपारी सव्वादोनला गेली.

आमच्यात दहन नसतं. तिला मांडी घालून बसवलं, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं आणि माती दिली. अकराव्या दिवशी शिवगणाराधना झाली. जेवणं उरकल्यावर शेजारची धोंडाबाई माझ्याजवळ येऊन बसली. वयानं अव्वाएवढीच. पदरानं डोळे पुसत म्हणाली,

"लई पक्की बाई व्हती गं तुझी माय. दवाखान्यात न्यायच्या आठ दिस आधी मी पुडी घिऊन गेल्ते. म्हणलं, मल्लम्मा, कशी गळून गेलीस, एकच घे, बघ कशी उठून बसशील. तर म्हणली, न्हाई धोंडे, लिंगावर हात ठिवलाय, लेकीला शब्द दिलाय. म्हणलं, लेक काय बघायला येती का? तर म्हणली, लेक न्हाई बघत, पण हातात व्हतं त्यानं बघितलंय."

धोंडाबाई ते कौतुकानं सांगत होती. मी मान हलवत ऐकलं. त्या पुडीनं ती खरोखर उठून बसली असती.

रविवारी धम्मप्रिया आली. हातात अर्धापूरच्या केळ्यांची फणी. तिचे वडील एसटीत कंडक्टर आहेत, येताना त्यांनीच घेऊन दिली म्हणाली. खुर्चीच्या कडेवर बसली. पाणी दिलं तर पेला तसाच धरून राहिली.

"मॅडम, मला शंका आली होती," ती म्हणाली. "चेहरा पाहूनच आली. इंजेक्शन ट्रॉलीत होतं. शंभर मिलिग्रॅम. दिलं असतं तर काही बिघडलं नसतं, संसर्ग असता तरी चाललं असतं. पण आजी नाही म्हणाल्या आणि..."

"आणि?"

"आणि तुम्ही समोर होता. मला वाटलं, मॅडमच्या घरात असतं तर मॅडमना कळल्याशिवाय राहिलं असतं का? मग मी ते डोक्यातून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर विचारलं. म्हणाले, पेशंट नाही म्हणतो तेव्हा नातेवाइकाला बाजूला घेऊन विचारायचं असतं, एवढं कळत नाही का. बरोबर आहे त्यांचं. मी विचारलंच नाही तुम्हाला बाजूला घेऊन."

मी केळ्यांची फणी उचलून टेबलावर ठेवली.

"तुम्हाला तरी कुठं माहीत होतं म्हणा," ती म्हणाली. "आजींनी तुमच्यापासूनही लपवलं."

तिथं मला थांबता आलं असतं. ती माझी समजूत काढत होती. मी 'हो ना' म्हटलं असतं, पाठीवर हात ठेवला असता, मेडिसिन घे म्हणाले असते, तिनं कदाचित ऐकलं असतं. उरलेलं मुखेडला मातीखाली होतं.

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

तिला आधी कळलं नाही. "दुसऱ्या दिवशी ना. सर म्हणाले."

"सरांशीही मी खोटं बोलले. मेपासून माहीत होतं. पुड्या मीच फेकल्या, मोरीत. हळूहळू उतरवायचं असतं हे डोक्यात आलं नाही. कुणाला सांगणार नाही अशी शपथ मीच घ्यायला लावली, गळ्यातल्या लिंगावर. तू विचारलंस तेव्हा ती माझ्याकडं बघत होती. तुझ्यासमोर मला लाज वाटली."

"माझ्यासमोर?"

"तू सगळ्यांसमोर पाया पडलीस. त्यानंतर."

तिनं पेला खाली ठेवला. खाली रस्त्यावरून मुलांचा एक घोळका आरडत गेला, टेस्टचे मार्क एकमेकांना सांगत.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "मॅडम, तीन आठवडे मी त्या दीड वाजताच्या गोष्टीत राहून आलेय. घरी जेवताना आई विचारते, काय झालं. मी प्रत्येक वेळी स्वतःला म्हणते, नीट विचारलं नाहीस. मी विचारलं होतं."

"तू नीट विचारलं होतंस. माझ्या चौदा वर्षांतल्या कुठल्याच पोराला एवढ्या घाईत ते सुचलं नसतं."

"आता कौतुक करू नका."

"नाही करत." मग मी विचारलं, "वाचली असती का?"

ती डॉक्टर होती, माझ्याकडून शिकून गेलेली, आणि तिला माझी दया यायचं काही कारण उरलं नव्हतं.

"बहुतेक हो," ती म्हणाली. "दोन-तीन तासांत बीपी वर आलं असतं. संध्याकाळी चहा मागितला असता त्यांनी."

मी मोठ्या डॉक्टरांना तिच्यासमोर फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं, तारखेसह, मेपासूनचं. तिनं विचारलं होतं आणि मी दोनदा खोटं बोलले हेही. शेवटी ते म्हणाले, "धम्मप्रिया आहे का तिथं? द्या तिला." ती फोन घेऊन गॅलरीत गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. पर्स खांद्याला लावली.

"मला तुमचा राग येतोय, मॅडम. नीट बोलता येणार नाही आत्ता."

"नको बोलूस."

"अप्पांना माहीत आहे?"

"शपथेचं नाही. तू विचारलं होतंस तेही नाही."

"त्यांना सांगा," ती म्हणाली, आणि दारातून मागं वळून, "केळी आजच खा, पिकलीत." पायाला हात लावला नाही. सोमवारी तिनं काय भरलं ते मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क आता माझा नाही.

त्याच सोमवारी दुपारी मी मुखेडला पोचले. अप्पा दुकानाची फळी अर्धी ओढून आत पोत्यावर बसले होते. या वेळी ते घरी जेवायला जायचे, अव्वा ताट वाढून हाक मारायची. आता हाक नसल्यामुळं ते वेळेवर उठत नव्हते. मी दुसऱ्या पोत्यावर बसले आणि सांगितलं. पुड्या, मोरी, शपथ, धम्मप्रियाचा प्रश्न, माझं 'हो'. एकदाही न थांबता सांगितलं, कारण थांबले असते तर पुढं गेले नसते.

अप्पा ऐकत होते. तुरीचे चार दाणे तळहातावर घेऊन अंगठ्यानं फिरवत होते.

"तरीच," ते म्हणाले. "धोंडाबाईची पुडी ढकलून दिली तवा मी बी म्हणलं, घे की एखांदी. तर बोललीच न्हाई माझ्याशी दिवसभर." मग, "त्या डॉक्टर पोरीला सांगितलंस?"

"हो. काल."

"बरं केलंस."

मला वाटलं ते उठून जातील, किंवा मला जा म्हणतील. ते तसेच बसले. दाणे पोत्यात टाकले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

"वर्षा, तू शिकवतीस ते. एक इचारू?"

"विचारा."

"आखरीच्या दिशी अकरा वाजता मला आत सोडलं व्हतं. तू खाली व्हतीस. तिनं पाणी मागितलं. माझ्या थैलीत बाटली व्हती. नर्सबाई म्हणली, तोंडानं काही द्यायचं न्हाई. म्या दिलं न्हाई. तिनं दोनदा मागितलं. द्यायला पाहिजे व्हतं का?"

"नर्सचं बरोबर होतं, अप्पा. ठसका लागून फुप्फुसात गेलं असतं. आणि सलाईन चालू होती. अंगात पाणी जात होतं तिच्या."

"ते न्हाई इचारत मी. सलाईननं तहान जाती का?"

हो म्हटलं असतं तर ते त्या दिवशी जेवले असते. एवढा एक शब्द त्यांना हवा होता आणि तो माझ्याजवळ होता. खरं काय ते त्यांना मुखेडात दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं.

"नाही," मी म्हणाले. "रक्तात पाणी आलं तरी तोंड आणि घसा कोरडा असला की तहान राहते. ओठ, जीभ ओल्या बोळ्यानं पुसून घेतली असती तर थोडी कमी झाली असती. ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मी खाली बसले होते, मीही सांगितलं नाही."

अप्पांनी मान हलवली, हळूहळू, दोन-तीनदा.

"मंग लागली व्हती तिला," ते म्हणाले.

"हो, अप्पा."

रस्त्यावरून कुणीतरी डोकावून विचारलं, दुकान उघडं आहे का. तो माणूस थोडा वेळ उभा राहिला आणि पुढं गेला. आम्ही दोघं समोरासमोरच्या पोत्यांवर बसून होतो. जेवायची वेळ टळून गेली होती आणि आमच्यापैकी कुणी उठत नव्हतं.